अळ्या देवघरापर्यंत आल्या तेव्हा

कार्यशाळेत नाव माझं होतं, पण ते घातलं बायकोने. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत मी शब्दकोडी सोडवण्यापलीकडे काही केलेलं नाही, असं तिचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. कर्वेनगरात आमच्या मागच्याच गल्लीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्याचे चार रविवार, सकाळी आठ ते अकरा, घरातला कचरा, पाणी, वीज आणि कुंडीतली भाजी असं सगळं शिकवणार होते. फी पाचशे, चहा-पोहे धरून. "अहो, निदान पोहे तरी खाऊन या," ती म्हणाली.

गेलो. तीस-पस्तीस जण होते. बायका जास्त, आणि पुरुषांत बहुतेक माझ्यासारखे पाठवलेले. शिकवणारी मुलगी (असेल पस्तिशीची, पण आमच्या वयाला मुलगीच) पाटीवर काहीच न लिहिता एकदम म्हणाली, "तुमच्या घरातून रोज किती कचरा जातो?" कोणी म्हणालं एक डबा, कोणी दीड. "किलोत सांगा." सगळे गप्प. चौतीस वर्षं मी लोकांच्या पैशांचा पै-पैचा हिशेब ठेवला आणि माझ्याच घरातून रोज काय बाहेर जातं त्याचा मला पत्ता नव्हता. हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर माळ्यावरून रद्दीच्या जमान्यातला ताणकाटा काढला आणि एका जुन्या डायरीत दोन रकाने आखले. ओला, कोरडा.

आठवडाभराचा ओल्याचा हिशेब आला रोज सरासरी ७८० ग्रॅम. त्यात एक दिवस आमरसाचा होता, त्या दिवशी साली आणि कोयी धरून काटा १९०० ग्रॅमवर गेला. कोरडा रोज दोनशे ग्रॅमच्या आसपास. तिसरा रकाना नंतर आखावा लागला, कारण मुलगी दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन महिनाभर राहायला आली होती आणि डायपर कशात धरायचे हे कळेना.

हा सगळा ऐवज जातो कुठे, हे त्या पहिल्याच रविवारी निघालं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी तीनेक आठवडे गाड्या अडवल्या आणि शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. मला त्यातलं एवढंच आठवत होतं, की मी नाकाला रुमाल लावून बँकेत जायचो आणि गावकऱ्यांना नावं ठेवायचो. आमच्यातल्या एका बाईंचं माहेर फुरसुंगीचं. त्या चहाचा कप हातात धरून इतकंच म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. तुम्ही तीन आठवडे वास घेतला." पुढे कोणी काही बोललं नाही. पोह्यांवर मात्र गर्दी झाली.

दुसऱ्या रविवारी ज्यांना बोलावलं होतं त्यांना मी रोज बघत होतो. आमच्या गल्लीतून ढकलगाडी नेणाऱ्या, 'स्वच्छ'च्या हिरव्या कोटातल्या ताई. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची युनियन १९९३ सालची, आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' उभी राहिली. इतकी वर्षं मी त्यांना "कचरा आहे हो" एवढंच म्हणालो असेन. त्यांनी सतरंजीवर आमच्याच भागातला एक डबा ओतला आणि एकेक वस्तू उचलून भाव सांगायला सुरुवात केली. पुठ्ठा, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, पत्र्याचा डबा. भाव चढता-उतरता, अगदी बाजार उघडल्यासारखा. मग चिप्सचं पाकीट उचललं, त्याची चंदेरी बाजू आम्हाला दाखवली आणि बाजूला टाकलं. "हे कोणीच घेत नाही. आत चांदी, बाहेर प्लास्टिक, वेगळं कोण करणार?" दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, हे त्यांच्याकडूनच कळलं. तो नखाएवढा तुकडा कोणाच्या हाताला लागत नाही, गटारात जातो. चीर पाडायची, कोपरा पिशवीलाच लटकता ठेवायचा. आमच्या घरात आजतागायत टिकलेला हा सर्वांत सोपा नियम.

मग डायपर. मी हात वर करून विचारलं, कशात टाकायचं. त्यांनी मला ओळखलं. "दादा, बी विंगवाले ना तुम्ही? तुमचंच उघडं येतंय पंधरा दिवस." तीस माणसांत माझे कान तापले. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं, वर लाल पेनने ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. "आम्ही हाताने वेगळं करतो. ठिपका दिसला की हात आपोआप लांब राहतो." त्या दिवशी घरी येऊन मी फ्रिजवर लाल स्केचपेन दोऱ्याने बांधून ठेवलं. नातू बेंगळुरूला परत गेला तरी ते तिथेच लटकतंय.

त्याच दिवशी बादली झाली. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली, सोसायटीचं रंगकाम झालं की मिळते तीच. बाजूंना चाळीसेक भोकं, बुडाशी थोडी. तळाला नारळाच्या शेंड्या आणि काटक्या, वर सुका पाला, त्यावर आंबट ताकात गूळ कालवून शिंपडायचं. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून, आणि तो झाकला जाईल असा त्याच्या दुप्पट पाला. आमटी, तेल, मासे-मटण नाही. दर तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. शास्त्र असं, की जीवाणूंना साधारण तीस भाग कर्ब आणि एक भाग नत्र असं जेवण लागतं. भाजीच्या देठात नत्र जास्त, पाल्यात कर्ब जास्त. पोळीला भाजी किती लावायची तसंच, फक्त इथे पोळी म्हणजे पाला. ओल तपासायची ती मुठीत दाबून: तळवा ओला व्हावा, पण बोटांमधून थेंब गळू नये. आणि नाक. नासक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. नाकाला झोंबला तर पाला कमी पडतोय. हे सगळं मी डायरीत सुवाच्य लिहून घेतलं. मे महिना होता. कोरडी हवा, रस्त्याच्या कडेला पाल्याचे ढीग. सगळं फार सोपं वाटलं.

तिसरा रविवार बागेचा. बिनमातीची बाग म्हटल्यावर मी भुवया उंचावल्या होत्या, पण तिच्यामागचं कारण साधं आहे. वीस लिटरच्या बादलीत ओली माती भरली तर वजन पस्तीस किलोच्या आसपास जातं. तीच बादली पाला, उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या आणि वर चार बोटं खत अशी भरली, तर एका हाताने सरकवता येते. याचं मूळ कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांकडे जातं, गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' म्हणून त्यांनी शेतकऱ्यांचं आणि घरी बाग करणाऱ्यांचं जाळं उभं केलं. नरेंद्र दाभोळकरांचे ते थोरले भाऊ, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. गणिताचा माणूस असल्यामुळेच बहुधा, पानाला ऊन किती मिळतं आणि त्यातून वजन किती वाढतं असा हिशेब त्यांनी मांडला. मला ते लगेच पटलं. फुलाझाडांत मला काही कळत नाही, पण खतावणी कळते.

वजनाचा हा सगळा युक्तिवाद घेऊन मी आमच्या कमिटीपुढे गेलो आणि गच्चीचा एक कोपरा मागितला. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काका, वॉटरप्रूफिंगला साडेचार लाख गेलेत." विषय संपला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हणालो असतो. त्यामुळे माझी बाग म्हणजे दक्षिणेकडच्या गॅलरीतल्या सात बादल्या आणि ड्राय बाल्कनीत खताच्या तीन.

चौथ्या रविवारी पाणी आणि वीज उरकली. उरकलीच म्हणायची. पाणी गाळायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी फरशीला वापरा, झाडांना सतत घालू नका, क्षार साचतात. रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्स वीज खातच राहतो. नवे बीएलडीसी पंखे तीस-पस्तीस वॅटवर चालतात, आपले जुने पंचाहत्तरवर. कुकरची एक शिट्टी झाली की तो गोधडीत गुंडाळून ठेवायचा, भात आपला आपण होतो. हे मी घरी करून पाहिलं आणि भात खरोखर झाला, पण आमच्या बायकोच्या लेखी गोधडीला लागलेला काळा डाग गॅसच्या बचतीपेक्षा महाग होता. कोणीतरी घरच्या गोबरगॅसचं विचारलं, तेव्हा डॉ. आनंद कर्व्यांचा विषय निघाला. महर्षी कर्व्यांचे नातू. त्यांच्या 'आरती' संस्थेला उरल्यासुरल्या अन्नावर चालणाऱ्या लहान बायोगॅससाठी २००६ साली अॅश्डेन पुरस्कार, म्हणजे पर्यावरणाला जपणाऱ्या ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनचा पुरस्कार, मिळाला. शेणाऐवजी पिष्टमय खाणं दिलं तर जीवाणू कितीतरी लवकर गॅस करतात, ही त्यांची कल्पना. हे संयंत्र ठेवायला गच्ची लागते. गच्चीचं वर सांगितलंच आहे.

शेवटी गोल करून प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. निम्मे लोक म्हणाले, आपल्या आजीच्या काळी हे सगळं होतंच. मीही तेच म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. घरी येऊन आईला सांगितलं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, वाईजवळच्या खेड्यात वाढलेली. ती लसूण सोलत होती. "उकिरडा होता, तो आषाढाच्या आधी डोक्यावरून पाट्या भरभरून शेतात कोण नेत होतं? मी आणि माझी काकू. माझी मान अजून दुखते त्याने," ती म्हणाली. "पैसे असते तर आम्हीही प्लास्टिकच्या बादल्याच घेतल्या असत्या. आणि आल्या तेव्हा घेतल्याच की!" माझं भाषण तिथेच आटोपलं. त्यानंतर मी आजीचा काळ तोंडातून काढलेला नाही.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बादली माझ्या लिखित टिपणांप्रमाणे वागली. हात घातला की कोमट लागायची. कोबीची पानं चार दिवसांत ओळखू येईनाशी होत. मी भेटेल त्याला बादली दाखवत असे, पोस्टमनलाही दाखवली.

मग पाऊस लागला. बादलीत पाऊस पडत नव्हता, पण हवेत इतकी ओल की टॉवेल दोन दिवस वाळत नव्हते, तर कचरा काय वाळणार! त्यात मी मे महिन्यात आणलेला एक पोतं पाला संपला. बाहेर झाडाखाली पाहावं तर सगळा चिखल. दुप्पट पाल्याच्या जागी निम्मा, मग मूठभर, मग नुसताच कचरा. जुलैच्या सुरुवातीला नासकी अंडी आली. नाकाने काम चोख केलं होतं. उपाय माहीत होता, पण हातात काही नव्हतं. वर्तमानपत्र फाडून घातलं तर त्याचा लगदा झाला. कोपऱ्यावरच्या सुताराकडून पिशवीभर भुसा आणला. कार्यशाळेतल्या मुलीला फोटो पाठवला, तर तिचं लगेच उत्तर आलं, "काका, प्लायवूडचा आहे का? त्यात गोंद असतो, नको." भुसा परत. शेवटी नर्सरीतून नारळाच्या भुशाच्या विटा विकत आणल्या. वेष्टनावर तामिळनाडूचा पत्ता. म्हणजे कर्वेनगरातली भेंडीची देठं कर्वेनगरातच जिरावीत म्हणून मी हजारेक किलोमीटरवरून भुसा मागवत होतो. डायरीत खर्चाच्या बाजूला हे लिहिताना पेन जरा अडलं.

आषाढी एकादशी होऊन चार दिवस झाले असतील. रात्री दोनच्या सुमारास आईची हाक आली. तिची ही हाक मला ओळखता येते, घाबरलेली नव्हती, रागावलेली होती. "अरे, इकडे ये. आणि चप्पल घालून ये."

स्वयंपाकघरातला दिवा लावला. ड्राय बाल्कनीच्या दारापासून देवघराच्या कोपऱ्यापर्यंत फरशीवर अळ्या चालत होत्या. चपट्या, नखाएवढ्या लांब, तपकिरी-काळ्या, अंगाला वळ्या. गोंधळ वगैरे काही नाही, सगळ्या एकाच दिशेने, जरा अंतर राखून, तिकिटाच्या रांगेत असल्यासारख्या. दोन देवघराच्या पाटाखाली शिरत होत्या. एक समईच्या बुडाशी पोचली होती. मी मागे वळलो तर बायको दारात उभी. ती काही बोलली नाही. तेवीस मार्चला आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, या तीस वर्षांत ती काही बोलली नाही असे प्रसंग मोजकेच आहेत.

मी केरसुणी घेतली. आई म्हणाली, "मारू नकोस. चातुर्मास आहे. सुपलीत घे आणि बाहेर सोड." म्हणून रात्री सव्वादोन वाजता मी गुडघ्यावर बसून एकेक अळी सुपलीत घेत होतो आणि आई खुर्चीत बसून "तिकडे एक, त्या सिलिंडरमागे" असं सांगत होती. सवयीने मी मोजत होतो. बावन्न भरल्या.

सकाळी सातला कार्यशाळेतल्या मुलीला फोन केला. पलीकडून आनंदाने आवाज आला, "अरे वा काका, अभिनंदन!" मी फोन कानापासून लांब धरून बायकोकडे पाहिलं. मग समजलं ते असं. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. ही माशी आपल्या घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, चावत नाही, मोठी झाल्यावर थोडेच दिवस जगते, अंडी घालते आणि संपते. खायचं काम अळीचं, आणि ती खाते राक्षसासारखी, ओला कचरा तिच्यासारखा कोणी संपवत नाही. बादली ओली झाली म्हणून त्या वाढल्या. आणि कोषात जायची वेळ झाली की त्या काळसर होतात, खाणं सोडतात आणि कोरडी, अंधारी जागा शोधत निघतात. ओल्या भिंतीवरून त्यांना चढता येतं, कोरड्यावरून घसरतात. आमच्या घरातली सर्वांत कोरडी आणि अंधारी जागा म्हणजे देवघराचा पाट. रोज संध्याकाळी बायको तिथे फडकं मारते.

उपाय दोन. बादलीच्या काठावर आतून दोन इंच पट्टा कोरडा पुसून ठेवायचा आणि त्यावर राख किंवा खडूची भुकटी, आणि पाला वाढवायचा. तिसरा उपाय मी शोधला. निघणाऱ्या अळ्या डब्यात जमवून सकाळी गॅलरीच्या कठड्यावर ठेवायच्या. आठवडाभरात साळुंक्यांना वेळ पाठ झाली. आईला हे चालतं का, असं विचारलं, तर म्हणाली, "ते आता त्यांचं त्यांच्यात."

बायकोने मात्र अट घातली. पुन्हा एक जरी घरात दिसली तर तिन्ही बादल्या खाली. दिसल्या दोन, ऑगस्टमध्ये. त्या मी तिच्या आधी उठून उचलल्या. तिने हे वाचलं की कळेलच.

पहिलं खत निघालं ऑगस्टच्या शेवटी. एका बादलीचा हिशेब: आत गेलेला ओला कचरा तेवीस किलो, चाळून निघालेलं खत साडेपाच किलो. बाकीचं वाफ आणि वायू होऊन गेलं. चाळणीत वर काय काय राहिलं ते मला खतापेक्षा जास्त बघावंसं वाटलं. आंब्याच्या दोन कोयी, जशाच्या तशा. लिंबाच्या बिया, त्यातल्या एकीला मोड. फळांवरचे ते गोल स्टिकर, अकरा. आणि बायकोची सहा महिन्यांपासून हरवलेली चहाची चमची. चमचीमुळे खताबद्दलचं घरातलं मत बरंच सुधारलं.

भाजीचं सांगायचं तर मेथी आणि पालक झाले, टोमॅटो किरकोळ. मिरचीवर बोकड्या पडला, पानं वळून वाटीसारखी झाली आणि रोप उपटावं लागलं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, त्याला लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब मारून आटोक्यात ठेवला. पण खरा जीव लावला तो दुधीने. वेल ग्रीलवर चढला, नर फुलं भरपूर आली, मग देठाशी बोटभर दुधी घेऊन मादी फुलं आली आणि पिवळी पडून गळायला लागली. एक, दोन, पाच. कार्यशाळेच्या गटावर विचारलं. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं. त्या वेळी उडणारे पतंग तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कशाला येतील? म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सात वाजता, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून, नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. परागाची पावडर बोटाला लागते, टाल्कमसारखी. समोरच्या इमारतीतले लोक काय समजले असतील देव जाणे. पण त्यानंतरचा दुधी गळला नाही. लव असलेला, फिकट हिरवा, रोज सकाळी अर्ध्या बोटाने लांब. एकूण तीन धरले. त्यातला मोठा ९२० ग्रॅमचा. मंडईत चाळीस रुपयाला मिळाला असता, हे मी डायरीत लिहिलं आणि मग खोडलं.

आता ओट्याचं सांगायला हवं. चौथ्या रविवारी बायोएन्झाइमही शिकवलं होतं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत वर जागा सोडून भरायचं, पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, तीन महिन्यांनी गाळायचं. मी मे अखेर लावलं, ऑगस्ट अखेर तयार. नाव मोठं असलं तरी गोष्ट साधी आहे, साली आंबवून केलेला, व्हिनेगरच्या भावकीतला आंबट द्रव. गणपतीच्या आधीची साफसफाई चालू होती. मी म्हटलं, बाजारातलं लिक्विड नको, हे घ्या. आणि फार चिकट दिसत होतं म्हणून पाणी न घालता ओट्यावर ओतलं, दहा मिनिटं मुरू दिलं.

आमचा ओटा ग्रॅनाइटचा नाही. इमारत १९८६ ची, ओटा काळ्या कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. चुनखडी आणि आम्ल यांचं काय होतं हे मी आठवीत शिकलो होतो, बुडबुडे येतात आणि चुन्याची निवळी पांढरी होते. पुसल्यावर ओट्यावर तीन पांढुरके ढग दिसले, आणि एक अर्धचंद्र, जिथे बाटली ठेवली होती तिथे. घासले, गेले नाहीत, कारण तो मळ नव्हताच, दगडच खाल्ला गेला होता. खोबरेल चोळलं की दोन दिवस काळा दिसतो, मग ढग परत. पॉलिशवाला सगळा ओटा घासावा लागेल म्हणतो. कार्यशाळेतल्या मुलीला सांगितलं तेव्हा ती खरोखर वरमली. तिच्या घरी ग्रॅनाइट आहे आणि तिने वर्ग घेतले ते सगळे नव्या सोसायट्यांत. जुन्या पुण्यात शहाबादी फरश्या आणि कडप्प्याचे ओटे घरोघरी आहेत, शहाबादीही चुनखडीच. संडास-बाथरूमच्या टाइल्सना मात्र ते चांगलं लागू पडतं, पातळ करून. उरलेल्या दोन बाटल्या तिथेच चालल्या आहेत.

काही गोष्टी सुटल्या, त्याही सांगतो. भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आठ दिवस टिकलं, मग डास झाले. कापडी पिशवी दहातल्या सहा वेळा बरोबर असते. पंखे बदलले नाहीत, जुने मरतील तेव्हा बघू. मिळकत करात सूट मिळते तीही आम्हाला नाही. गांडूळ खत, सौर ऊर्जा किंवा पावसाचं पाणी यांपैकी एक केलं तर पाच टक्के आणि दोन केली तर दहा, पण त्यासाठी सोसायटीने एकत्र काहीतरी करायला हवं आणि आमची सोसायटी एकत्र फक्त गणपतीची वर्गणी देते.

पण पाल्याचं एक जमलं. जुलैमध्ये पाल्यावाचून तडफडलो होतो, तेव्हाच डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं: पाला फेब्रुवारी ते एप्रिल गळतो, लागतो जून ते सप्टेंबर. बँकेत याला आम्ही मुदत ठेव म्हणत असू. यंदा फेब्रुवारी लागल्यावर सकाळी साडेसहाला खराटा घेऊन खाली उतरलो. टेकडीवरचा आणायचा नाही, हे कार्यशाळेत बजावलं होतं, तो टेकडीचं खाणं आहे. सोसायटीत जो पडतो तोच. तो आमचा वॉचमन दर जानेवारीत कोपऱ्यात पेटवून शेकत बसायचा. त्याला सांगितलं, पोत्याला दहा रुपये देतो. तो म्हणाला, "साहेब, पैसे नकोत, दुधी द्या." त्याने तिसऱ्या मजल्यावरचा वेल खालून पाहिला होता.

पाल्यातही प्रती आहेत हे आता कळतं. गुलमोहर आणि वर्षावृक्षाची बारीक पानं सोनं, महिन्यात जिरतात. पिंपळ चांगला. आंब्याचं पान चिवट, ते चुरूनच घालावं. बदामाचं पान म्हणजे चामडं, ते मी घेत नाही. पोत्यांना जागा हवी होती. पार्किंगमध्ये ठेवली तर एका स्कूटरवाल्याने चिठ्ठी लावली. मग सेक्रेटरींनीच बोलावून जिन्याखालची मीटरशेजारची नव्हे, पलीकडची मोकळी जागा दाखवली. त्यांच्या सौंनी बादली सुरू केली आहे आणि त्यांच्याकडे अजून अळ्या यायच्या आहेत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

सध्या जिन्याखाली अकरा पोती आहेत. गेल्या वर्षीच्या हिशेबाने चौदा लागतील, आणि सेक्रेटरींची धरून सोळा. पिंपळ अजून निम्मा झडायचा आहे.